माझ्या मापाची सायकल

भातं कापून झाली की आमच्या दारावरून सायकलवाले जायला लागतात. पुण्यामुंबईची माणसं, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, डोक्यावर भोकाभोकांची टोपी. पोलादपुरातून महाबळेश्वरला जाणाऱ्या रस्त्याला लागूनच आमचं घर आहे. पुढे आंबेनळीचा घाट चढायचा म्हणून ही मंडळी आमच्या आंब्याखाली थांबतात आणि पाणी मागतात. मी पाणी आणून देते, पण माझी नजर माणसाकडे न जाता सायकलकडे जाते. मागच्या आठवड्यात एकाने हसून विचारलं, "ताई, तुम्हालाही सायकलची आवड दिसते?" मी म्हटलं, "तुमचं हँडल तुमच्या खांद्यांपेक्षा रुंद आहे. घाट उतरताना मनगटं दुखतील." तो आधी माझ्या नऊवारी नेसलेल्या आईकडे बघायला लागला, मग स्वतःच्या मनगटांकडे.

असलं ज्ञान मला एका मोसमात मिळालं. गणपती गेल्यापासून दिवाळीपर्यंतचा तो मोसम. शेतात लवकर येणारं हळवं भात पिवळं पडत होतं, कुडपणच्या पठारावर सोनकी फुलली होती, सकाळी सावित्रीच्या खोऱ्यात धुकं साचून राहायचं, आणि आमच्या घरात जेवताखाता एकच विषय होता, माझी सायकल. पुढे तसा आनंद मला कशाचाच झाला नाही. म्हणून तर राग जात नाही.

मी तेव्हा महाडच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. पोलादपूरहून एसटीने जायचं आणि यायचं. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ नंदू, महाडच्या एमआयडीसीत रसायनांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. आमचे वडील, अण्णा, वारले होते. घरात आई, दादा आणि मी. लग्नं दोघांचीही व्हायची होती. आधी बहिणीला उजवायचं आणि मग स्वतःचं बघायचं, ही आमच्याकडची रीत, म्हणून दादा माझ्यासाठी थांबला होता. मी कुणासाठीच थांबले नव्हते. मला आंबेनळी सायकलने चढायची होती, एवढंच. लहानपणी एसटीच्या खिडकीतून तो घाट बघताना प्रत्येक वळणावर वाटायचं की हे आपल्या पायांनी करायला पाहिजे. माझ्या जुन्या लेडीज सायकलने मी रविवारी सवच्या गरम पाण्याच्या कुंडांपर्यंत जायची, एकदा तर पाचाडला जाऊन पिठलं-भाकरी खाऊन आले. पण ती सायकल म्हणजे लोखंडाचं धूड. घाटाच्या दुसऱ्या वळणालाच मी तिला चढवतेय की ती मला उतरवतेय, ते कळेना.

"कार्बनची फ्रेम घेऊ या," दादाच म्हणाला. "सुटे भाग आणून आपण जोडू. तयार घ्यायला गेलीस तर परवडायची नाही."

कार्बन म्हणजे मला पेन्सिलीचं शिसं आणि कोळसा. दादाने समजावून सांगितलं. त्यांच्या कारखान्यात ॲसिडच्या टाक्या फायबरच्या होत्या. काचेच्या धाग्याचं कापड एकावर एक थर देऊन चिकट द्रावात भिजवायचं आणि वाळवायचं. तसंच हे, फक्त धागा काचेऐवजी कार्बनचा. धागा कुठल्या दिशेने टाकला त्यावर ताकद ठरते. जिथे जोर येतो तिथे जास्त थर, जिथे येत नाही तिथे कमी. हे सांगताना त्याचे डोळे असे चमकायचे की मी त्याला आणखी प्रश्न विचारायची. आई सूप हातात घेऊन उंबऱ्यावर बसून ऐकायची आणि मधेच म्हणायची, "म्हंजे कापडाचीच सायकल ना रे? पावसात भिजली तर?"

महाडात बाजारपेठेच्या मागे एक सायबर कॅफे होता. शाळा सुटली की मी तिथे जायची, कारखान्यातून सुटून दादा यायचा. एका खुर्चीवर दोघं, अर्धे अर्धे. पडद्यावर फोटो वरून खाली इतके हळू उतरायचे की फ्रेमचं पुढचं टोक दिसल्यावर मागचं दिसेपर्यंत चहा व्हायचा. मोठ्या नावांच्या फ्रेमा बघून आम्ही फक्त उसासे टाकले. मग कळलं की चीनमधले काही कारखाने बिननावाच्या फ्रेमा विकतात. काळ्याभोर, वर ना रंग ना अक्षर. लोक लिहायचे की नाव काढलं म्हणून पैसे कमी, माल तोच. दुसरे लिहायचे की चढावर मोडली, दात पडले. आम्ही दोन्ही वाचायचो आणि एसटी स्टँडवर येईपर्यंत वाद घालायचो. आईने निकाल दिला, "गिरणीतून तांदूळ घेतला काय नि छापाच्या पिशवीतून घेतला काय. शिजवून बघायचा. पण चांगल्या वळखीतून घ्या." ओळख दादाची होती. प्रसाद नावाचा त्याचा कॉलेजातला मित्र मुंबईत सायकलींचे भाग मागवून द्यायचा. त्याच्याकडून घ्यायचं ठरलं. पैसे माझ्या पगारातून साठवलेले होते.

पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, हे शिकण्यात निम्मा मोसम गेला. सीटखालची नळी साधी ॲल्युमिनिअमची चालेल. कार्बनची घेतली तर फक्त मिरवायला. गिअरचा संच जुना, कुणीतरी वापरलेला, पण दाते न झिजलेला. चाकं मात्र कार्बनची अजिबात नकोत, कारण आंबेनळी उतरताना सतत ब्रेक धरावा लागतो आणि रिम तापते. पुढचं चाक धरणारा फोर्क आणि ब्रेक, इथे कंजूसपणा करायचा नाही. ते गेलं तर सरळ दरीत. गिअर असे की मला बसून चढता आलं पाहिजे. दादा म्हणायचा, "तुझ्या पायांत दम आहे, पण वजन नाही. तुला मागे मोठं चक्र लागेल." माझ्या पायांबद्दल इतक्या गंभीरपणे त्याआधी कुणी बोललं नव्हतं.

सीट किती रुंद हवी ते ठरवायला पन्हाळीच्या पुठ्ठ्यावर बसतात. हाडांचे दोन खड्डे उमटतात, त्यांच्यातलं अंतर मोजायचं. मी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून माजघरात पायरीवर त्यावर बसले होते, गुडघे वर घेऊन, डोळे मिटून जोर देत. तेवढ्यात आई आली. "बाय माझे! काय करतंस गो हे?" मी म्हटलं, "माप देतेय." आई म्हणाली, "कसलं?" मी सांगितलं. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत हसत होती, आणि शेजारच्या काकूला सांगताना तर तिला बोलताच येईना.

बाकीची मापं दादाने घेतली. मला भिंतीला टेकून उभं केलं, मांड्यांत जाडसर शब्दकोश धरायला लावला आणि त्याच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. मग हात, खांदे, कंबरेपासून मानेपर्यंत. प्रत्येक माप दोनदा. "एकोणपन्नास सेंटिमीटरची फ्रेम," तो म्हणाला. "क्रँक, म्हणजे पायडलची दांडी, आखूड. अरुंद हँडल. ब्रेकची मूठ जवळ आणायला लागेल, तुझी बोटं लहान आहेत." मला तो क्षण फार आवडला होता. आमच्या घरात माझ्या मापाचं असं काही येतच नसे. फ्रॉक वाढत्या अंगाचे, चपला पुढच्या वर्षी बसतील अशा. सायकल शिकले तीही अण्णांच्या मोठ्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून, कंबरेत वाकडी होऊन. सगळं माझ्यापेक्षा मोठं, नाहीतर दादाला लहान झालेलं. आणि आता चीनमधल्या कुठल्याशा कारखान्यात पोलादपूरच्या एका मास्तरणीच्या टांगेच्या हिशेबाने कुणी फ्रेम काढून ठेवणार होतं. मला हसू यायचं. वर्गात गती आणि बल शिकवताना उगाचच सायकलीची उदाहरणं द्यायची मी.

उशिराचं गरवं भात कापून खळ्यावर आलं, झोडणी सुरू झाली, दिवाळी लागली. दादा मुंबईला जाऊन खोकी घेऊन आला आणि म्हणाला, "जोडून होईपर्यंत बघायचं नाही." मागच्या पडवीचं दार त्याने आतून लावून घेतलं. भाऊबीजेला कुडपणहून काका-काकू आले होते. पाट मांडला, दादा बसला, मी ओवाळलं. तबकात काही न टाकता तो उठला, पडवीत गेला आणि सायकल घेऊन आला. काळी, बिननावाची, हँडलला झेंडूची माळ. "ही घे तुझी ओवाळणी!"

काकूच्या डोळ्यांत पाणी आलं. "असा भाव पायजे गो! नशीब काढलंस." काका दादाच्या पाठीवर थाप मारत होते. पैसे माझे, ओवाळणी त्याची, हे मला तेव्हाच टोचलं. पण सणाचा दिवस, आणि दादाने कष्ट तर घेतलेच होते. मी नमस्कार केला. मग सायकलवर टांग टाकली आणि माझे पाय जमिनीला लागेनात.

"दादा, फ्रेम मोठी आहे."

"सीट खाली कर ना."

सीट पार खाली केली. तरी हँडलपर्यंत पोहोचायला मला निजावं लागत होतं. दादाने मान हलवली. चिन्यांनी चूक केली असणार, म्हणाला. परत पाठवायची तर खर्च सायकलीएवढा. काका म्हणाले, "सायकल काय मापाची असते? ती काय पोलकं हाय?" काकू म्हणाली, "असूं दे गो, वाढत्या अंगाची." सगळे हसले, मीही हसले. अठ्ठाविसाव्या वर्षी माझं अंग कुठल्या बाजूने वाढणार होतं, देव जाणे.

क्रँकही लांब होती. हँडलही रुंद. बाजारात मिळालं तसं आणलं, असं दादा म्हणाला. मी दरवर्षी नववीच्या मुलांना शिकवते की मोजमापातली चूक कधी इकडे, कधी तिकडे होते. सगळ्याच चुका एका बाजूला झुकल्या तर काटाच कुणीतरी हलवलेला असतो. शाळेत शिकवलेलं घरी लावायचं नसतं, असं काहीतरी माझ्या डोक्यात असावं. भावावर संशय घेण्याची मला सवय नव्हती.

मी प्रयत्न केला. एका रविवारी सकाळी घाटात गेले. चढताना कमरेला रग लागत होती, मान अवघडली होती, तरी सायकल इतकी हलकी की मी जुन्या सायकलीच्या कितीतरी पुढे गेले. डावीकडे दरीत धुकं, कातळावर अजून पाणी झिरपत होतं. एका वळणावर थांबले, श्वास घेतला आणि जरा खाली उतरून पाहू म्हणून वळले. ब्रेकपर्यंत बोटं पोहोचत नव्हती. नखांनी ओढावे तसे ते ओढले. सायकल थांबायचं नाव घेईना. समोरून ट्रक वर येत होता. मी तिला डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली, गुडघा सोलला. तिथून घरापर्यंत सायकल हाताला धरून चालत आले. ज्या ब्रेकसाठी मी दोन आठवडे वाचत बसले होते, ते उत्तमच होते. फक्त ते माझ्या हातांसाठी नव्हते.

"काहीतरी तोड काढू," दादा म्हणाला. "तोवर पडून राहायला नको, मी फिरवत जातो."

तो रविवारी फिरवायला लागला. चौथ्या का पाचव्या रविवारी त्याचा फोन आला, प्रतापगडाच्या फाट्यावरून. धापा टाकत ओरडत होता, "शुभे! चढलो गो! काय सायकल आहे तुझी! तो मागचा मोठा गिअर म्हणजे तर वरदान!" तो गिअर मी माझ्या पायांसाठी निवडला होता. मी अंगणात भात वाळत घालत होते. फोन खाली ठेवला आणि बराच वेळ ते भात पायाने सारखं करत राहिले. मला रडू येत होतं आणि का येतंय ते नीट कळत नव्हतं.

ते कळलं थंडीत. प्रसाद बायकामुलांना घेऊन महाबळेश्वरला निघाला होता, वाटेत आमच्याकडे चहाला थांबला. पडवीतली सायकल बघून खूश झाला. "क्या बात है नंद्या! एकदम फिट बसली ना तुला? मी म्हटलं होतं ना, तुझ्या हाइटला छप्पन्नच घे."

दादा कपात चहा ओतत होता. तो ओततच राहिला, बशी भरली.

मी विचारलं, "एकोणपन्नास सांगितली होती ना तुम्हाला?"

"एकोणपन्नास?" प्रसादने दादाकडे पाहिलं. त्या बिचाऱ्याला काय माहीत. "नाही बुवा. शॉपमध्ये दोघांनी बसूनच ऑर्डर टाकली होती. छप्पन्नच." मग त्याला काहीतरी जाणवलं असावं, कारण तो एकदम घाटातल्या धुक्याबद्दल बोलायला लागला.

पाहुणे गेल्यावर दादा म्हणाला, काहीतरी गोंधळ झाला असेल, आणि कारखान्यात काम आहे म्हणून निघून गेला. रविवार होता. मी आईकडे गेले. वाटलं, ती तरी चिडेल. आई चुलीपुढे बसून वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मी त्याला सांगितलं व्हतं, तिला आधी बोल म्हणून. नाय बोलला."

"तुला माहीत होतं?"

"तू काय जल्माची हितं राहणार हायस का गो? आज ना उद्या जाशील. एवढी भारी वस्तू, मग घरात चालवणार कोन? घरातल्या मानसाच्या मापाची असली तर घरात राहते." तिने वालाची साल बोटाने उडवली. "त्यात तुझं काय वाईट चिंतलं आमी?"

आईचा आवाज इतका साधा होता. कुणाच्या पोटात पाप नव्हतं, हेच तर भयंकर होतं. दोघांनी बसून घरातली माणसं मोजली होती आणि मोजताना मी त्यांत नव्हते.

अजूनही मला फ्रेमचं तितकं वाटत नाही. मला त्या संध्याकाळी आठवतात. सायबर कॅफेतली ती एक खुर्ची, एसटी स्टँडपर्यंतचा वाद, "तुला मागे मोठं चक्र लागेल" म्हणणारा दादा. तो केव्हापासून मनात छप्पन्न धरून होता? पहिल्या दिवसापासून, की मुंबईला गेल्यावर? मापं घेताना तो खोटं करत असेल असं मला खरंच वाटत नाही. इतकं मन लावून कुणी खोटं करत नाही. मग त्या मापांचं त्याने काय केलं? त्याचं उत्तर मिळालं असतं तर तो मोसम मला निदान निम्मा तरी परत मिळाला असता. आता त्यातलं काय खरं मानायचं आणि काय नाही हे ठरवता येत नाही, म्हणून मी सगळाच बाजूला ठेवलाय. कुणी शत्रूने फसवलं तर माणूस पुढचं जपतो. आपल्याने फसवलं की मागचंही जातं.

पुढे काय झालं ते सांगते. स्थळं आली, गेली. काहींना मी नको होते, बरीचशी मला नको होती. शेवटी दादाने रीत मोडून आधी स्वतःचं लग्न केलं, पुण्याला नोकरी घेतली आणि टेम्पोत सामान भरताना सगळ्यात वर चादरीत गुंडाळून सायकल ठेवली. घरात राहावी म्हणून त्याच्या मापाची आणलेली सायकल घरातून गेली. आईच्या गोळ्या, शेताची मजुरी, पावसाआधी कौलं चाळून घेणं, हे सगळं माझ्याकडे राहिलं. मी जाणार होते ती राहिले. आंबेनळी आजपर्यंत मी सायकलने चढलेले नाही.

यंदा भाऊबीजेला दादा सहकुटुंब आला. बरोबर वहिनीचा भाऊही होता. त्याने नुकतीच कार्बनची सायकल घेतलीय, तो आमच्या दारावरच्या सायकलवाल्यांबद्दल विचारत होता. पंगत बसली होती. नव्या तांदळाचा भात, वालाचं बिरडं. मी वाढत होते. दादा रंगात येऊन म्हणाला, "अरे, आमच्या घरात कार्बन तेव्हाच आला होता. शुभाला मी भाऊबीजेला दिली होती, स्वतः जोडून. पण हिने चालवलीच नाही. पडूनच राहिली असती, म्हणून मग मी नेली. आता विकली मागच्या वर्षी."

वहिनीचा भाऊ माझ्याकडे वळला. "का हो ताई? भीती वाटली का?"

भाताचं पातेलं माझ्या हातात होतं. म्हटलं, "ती माझ्या पैशांची होती. दादाने स्वतःच्या मापाची मागवली आणि मला चिन्यांचं नाव सांगितलं."

आई म्हणाली, "सनासुदीचं कशाला उकरतंस?" दादा मात्र हसला. मनापासून, मोकळा हसला. त्याला त्यात लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "अगं, तेव्हा कुणाला माहीत होतं तू इथेच राहणार आहेस!"

सगळे हसले. त्याचं ताट रिकामं झालं होतं. आईने खूण केली, "त्याला भात वाढ गो."

मी पातेलं त्याच्या पानासमोर, जमिनीवर ठेवलं.

"त्याला हात हायत," म्हटलं, आणि आत जाऊन जेवायला बसले.